सात नंबरची बाई

लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या त्या डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये कॅमेरे लावायला बायकांनी साफ नकार दिला, तेव्हा मालक विजयसिंहदादांना मनापासून वाईट वाटलं. चोरी होते असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. काम चालतं ते दिसत नाही, एवढंच त्यांचं दुःख होतं. बारा बायका माल निवडायच्या आणि माधवी सुपरवायझर म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायची. माधवी बावड्याची सून, बी.ए. झालेली. बी.ए. झालेल्या बाईला शेडमध्ये बसायला खुर्ची मिळते, इतपत फायदा त्या पदवीने तिला आजवर दिला होता.

"आमी पदर काढून घाम पुसणार, आन तुमी ते बारामतीत एसीत बसून बगणार व्हय?" भागूबाईने भर मीटिंगमध्ये विचारलं. याचं उत्तर दादांच्या पुतण्याकडे होतं.

पुतण्या दिग्विजय परदेशात दोन वर्षं काढून आला होता आणि बारामतीत त्याने स्वतःची कंपनी काढली होती. त्याने साबणाच्या डबीएवढ्या बारा पांढऱ्या डब्या आणल्या आणि पत्र्याखाली ओळीने लावल्या. मग बायकांना गोळा करून समजावलं. "मावशी, हे रडार आहे. यात फोटो नाही, चेहरा नाही, आवाज नाही. डबी नुसत्या लाटा सोडते आणि तुमच्या अंगावर आपटून परत येतात त्या मोजते. हात कसा हलला, पाय कसा हलला, एवढंच तिला कळतं. कोणाचा हात, ते तिला माहीत नाही आणि तिला त्याच्याशी घेणंदेणंही नाही. बारा डब्या आपसात बोलतात आणि मिळून ठरवतात, की हे माणूस काय करतंय."

"आपसात बोलत्यात आन काम बी करत्यात?" सिंधुबाई म्हणाली. "मग आमी बोललो की का वरडता?"

सगळ्या हसल्या. दिग्विजयही हसला, कारण तो परदेशात राहून आला होता. मग त्याने शेवटचं, मन जिंकणारं वाक्य टाकलं. "आणि कोणाला चक्कर आली, कोणी पडलं, तर दहा सेकंदांत माझ्या फोनवर घंटा वाजणार. म्हणजे ही तुमच्यावर नजर नाही. ही तुमची राखण आहे."

सिंधुबाई माधवीची चुलतसासू. वय अठ्ठावन्न. दहा वर्षांपूर्वी तिनेच नव्या नवरीला हाताला धरून इथे आणलं होतं आणि दादांना सांगितलं होतं, "ही शिकल्याली हाय, हिला खुर्ची द्या. मला पोतं चालंल." तेव्हापासून माधवी खुर्चीवर होती आणि काकी पोत्यावर.

पोत्याचीच अडचण झाली. दिग्विजयने यंत्राला शिकवायला बारामतीतली चार कॉलेजची पोरं दोन दिवस राबवली होती. पोरांनी टेबलापाशी उभं राहून डाळिंबं निवडली, चालली, वाकली, गादीवर मुद्दाम पडली. यंत्र सगळं नीट शिकलं. पण बायका टेबलापाशी निवडत नव्हत्या. त्या जमिनीवर, पोत्यावर, एक मांडी घालून आणि एक गुडघा वर करून निवडत होत्या, जशा त्यांच्या आया खळ्यावर बसत. पहिल्या सकाळी नऊ वाजता बाराच्या बारा बायका कामाला बसल्या आणि यंत्राने बारामतीला कळवलं, की बारा बायका एकाच वेळी पडल्या. दिग्विजय गाडी घेऊन सुसाट आला. येऊन बघतो तर बायका डाळिंबं निवडतायत आणि नेहमीप्रमाणे कोणाच्या तरी सुनेची निंदा चालली आहे.

दुपारपर्यंत घंटा त्रेचाळीस वेळा वाजली. संध्याकाळी दिग्विजयने घंटा बंद केली आणि जमिनीवर असलेलं माणूस म्हणजे 'विश्रांती', असं यंत्राला सांगून टाकलं. मग दुसऱ्या दिवशी बाराही जणी दिवसभर विश्रांती घेताना दिसल्या. यंत्राला बसून केलेलं काम शिकवायला आणखी महिना लागला असता. बायकांना उभं राहून काम शिकवायला एक दिवस पुरला. टेबलं आली, पोती गेली.

आता माधवीच्या हातात टॅब आला. त्यावर बारा चौकोन. हिरवा म्हणजे 'प्रतवारी', निळा 'उचल', पिवळा 'चालणे', लाल 'विश्रांती', राखाडी 'रिकामे'. प्रत्येक शब्दापुढे यंत्राची खात्री टक्क्यांत. दिवसाला विश्रांती बारा मिनिटं. त्याच्या वर गेली तर नाव फळ्यावर, आणि नाव तीनदा फळ्यावर आलं तर बाईने घरी जायचं.

"बारा मिन्टं," काकी गुडघ्यावर हात दाबत म्हणाली होती. "माधवे, ह्यात माझा एक गुडगा बी बसत न्हाय."

पण माणसं कुठेही राहायला लागली, की त्या जागेला वाटा पाडतात. पंधरा दिवसांत बायकांनी शोधून काढलं, की शेडच्या मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे, डब्यांना काही दिसत नाही. खरं तर तिथे तेरावी डबी लागत होती, पण बाराचा सेट स्वस्त पडला होता. बायकांनी त्या कोपऱ्यात एक जुनं पोतं अंथरलं आणि त्या जागेला नाव पडलं 'माहेर'.

माहेरी गेलं, की आपलं टेबल राखाडी व्हायचं. त्यावरचा इलाज काकीने काढला, आणि तोही स्वतःसाठी नाही. प्रगतीचं बाळ पाच महिन्यांचं होतं. तिची सासू त्याला अकरा वाजता मागच्या फाटकाशी घेऊन यायची. पाजायला वीस मिनिटं लागायची, आणि पोराला बारा मिनिटांचा नियम समजावून सांगायला कोणी धजत नव्हतं. काकीने आपल्या टेबलाजवळचा मान फिरवणारा पंखा ओढला. त्याच्या जाळीला जुन्या अ‍ॅप्रनची बाही बांधली आणि बाहीच्या टोकाला फोमच्या जाळीत घालून एक डाळिंब अडकवलं. पंखा इकडून तिकडे मान फिरवू लागला. बाही डोलू लागली, डाळिंब पुढे जाऊन मागे येऊ लागलं.

माधवीच्या टॅबवर चौकोन हिरवा झाला. 'प्रतवारी, सत्त्याण्णव टक्के.'

"बगा," काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सवत आली माझी. माझ्यापरीस चांगली निवडती."

त्या दिवसापासून सवत टेबलाला लावायची आणि माहेरी जायचं, असा रिवाज पडला. एका वेळी एकच बाई, दहा-पंधरा मिनिटं. नंतर जिची पाळी, तिने जाऊन पहिलीला उठवायचं. माधवीला हे सगळं ठाऊक होतं. तिला टॅबवरूनही कळायचं. खऱ्या बाईचे आकडे शहाऐंशी, ब्याण्णव, ऐंशी असे उड्या मारायचे. सवतीचे सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव. माधवी टॅब पालथा ठेवायची आणि चहा घ्यायची. आपण हे चांगलं करतो आहोत असं तिला वाटायचं, आणि चांगलं करायला काही हालचाल करावी लागत नाही, याचंही तिला बरं वाटायचं.

डिसेंबरात मुंबईहून कसल्याशा पुरस्काराची समिती येणार होती. पुरस्कार होता 'माणूसकेंद्री तंत्रज्ञाना'साठी. समिती दुपारी चारला येणार म्हणून कळलं होतं, ती सकाळी साडेदहालाच टपकली. पाच जण होते. विजयसिंहदादा फेटा बांधायचा राहिला म्हणून चिडले होते. दिग्विजयने माधवीला बाजूला घेतलं.

"माधवीताई, समिती आहे तोवर एकही बाई जागेवरून हलता कामा नये. चालणं नको, विश्रांती नको. स्क्रीनवर सगळं हिरवं पाहिजे. आणि तुम्ही आमच्याबरोबर केबिनमध्ये थांबा, त्यांनी काही विचारलं तर."

माधवीने शेडमध्ये जाऊन सांगितलं, "कुणी हलू नका गं." आणि केबिनमध्ये गेली.

केबिनला शेडच्या बाजूने मोठी काच होती. काचेसमोरच्या भिंतीवर दिग्विजयने दारासारखा मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर बारा चौकोन. पाहुण्यांना टीव्हीकडे तोंड करून बसवलं, त्यामुळे काच त्यांच्या पाठीशी आली. पाठीमागे बायका खऱ्याखुऱ्या उभ्या होत्या. पाचही पाहुणे पुढे त्यांचे रंग बघत होते.

पावणेअकराला माधवीच्या लक्षात आलं, की सात नंबर सत्त्याण्णववर आहे.

सात नंबर म्हणजे काकी. टेबल दुसऱ्या रांगेच्या टोकाला, खांबाआड, काचेतून दिसत नव्हतं. काकी सव्वादहाला माहेरी गेली होती, हे माधवीने स्वतः पाहिलं होतं. "डोस्कं जड झालंय गं, वाईच पडते," असं म्हणून ती गेली होती. पाळीप्रमाणे साडेदहाला भागूबाईने तिला उठवायला हवं होतं. पण साडेदहाला समिती आली आणि कुणी हलायचं नाही, असं माधवीनेच सांगितलं होतं.

झोप लागली असेल, माधवीने मनाशी म्हटलं. म्हातारीला तेवढीच झोप.

अकरा वाजता ती उठली. "दादा, जरा खाली जाऊन येते."

"थांबा हितंच," दादा तोंडावरचं हसू न हलवता म्हणाले. "काय हाय खाली? सगळं हिरवं तर दिसतंय."

ती बसली. अकरा वाजताच फाटकाशी प्रगतीचं बाळ रडत होतं, ते केबिनच्या एसीमुळे कोणाला ऐकू आलं नाही. तीन नंबर, म्हणजे प्रगती, जागेवरच उभी राहिली. तिचे आकडे मात्र सत्तरवर घसरले. दिग्विजयने पटकन पाहुण्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं.

"हे सात नंबर बघा. या बाईंचं वय अठ्ठावन्न. सकाळपासून विश्रांती शून्य मिनिटं. आणि सातत्य बघा. सत्त्याण्णव. तरुण मुलींनाही हे जमत नाही."

समितीतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी. "शी मस्ट बी सो प्राउड," त्या माधवीकडे बघून म्हणाल्या. "भेटता येईल का त्यांना?"

माधवी अर्धी उठली. हीच वेळ होती. भेटायला म्हणून सगळे खाली गेले असते आणि टेबलापाशी डोलणारी बाही पाहिली असती. मग काय झालं असतं, ते माधवीला डोळ्यांसमोर दिसलं. प्रगती फाटकाबाहेर, भागूबाई फाटकाबाहेर, आणि खुर्चीवर दुसरी कोणी बी.ए.

"नको, त्यांची लय तुटेल," दिग्विजय म्हणाला.

माधवी पुन्हा बसली. लय तुटायला नको होती, हे खरंच होतं.

मग सादरीकरण झालं, भाषणं झाली, हुरड्याचं जेवण झालं. एका पाहुण्याने विचारलं, या यंत्रणेमुळे कामगारांच्या आरोग्यात काय फरक पडला. दिग्विजय म्हणाला, बसून काम करण्याची अनारोग्यकारक सवय पूर्ण गेली. ते सगळ्यांनी लिहून घेतलं. एवढा वेळ माधवीचे डोळे एका चौकोनावर होते. वाईच पडलेलं माणूस एवढा वेळ झोपत नाही, हे तिला बारा वाजताही कळत होतं आणि एक वाजताही. दर वेळी तिला वाटायचं, आता एवढं थांबलोच आहोत, तर जरा आणखी.

एक पन्नासला गाड्या सुटल्या. माधवी जिन्यावरून धावत खाली आली, पण भागूबाई तिच्या आधी थप्पीमागे पोचली होती. तिची हाक सगळ्या शेडने ऐकली.

काकी पोत्यावर कुशीवर पडली होती. डोळे उघडे. तोंड उजवीकडे ओघळलेलं. डावा हात जमिनीवर सरकत होता, पुढे आणि मागे, काहीतरी धरायला बघत असल्यासारखा. सिमेंटवर त्या हाताने धुळीत एक पट्टा पुसून स्वच्छ केला होता. किती वेळ पुसत होती, ते पट्ट्यावरून दिसत होतं.

"मला वाटलं निजली आसंल," भागूबाई परत परत म्हणत होती. "मला वाटलं, बरं झालं बया, निजू दे."

दिग्विजयने स्वतःच्या गाडीत घातलं आणि बारामतीला नेलं. त्याच्यात वाईटपणा नव्हता. गाडी त्याने खरंच जिवाच्या आकांताने चालवली. मागच्या सीटवर काकीचं डोकं माधवीच्या मांडीवर होतं. भागूबाई आणि प्रगती दादांच्या गाडीतून मागोमाग आल्या, अंगावर अ‍ॅप्रन तसेच.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. साडेतीनला एक तरुण डॉक्टरबाई हातात फिल्म घेऊन बाहेर आल्या.

"रक्तस्राव नाही. गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण ते साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. वेळ उलटून गेल्यावर दिलं, तर मेंदूत रक्त फुटू शकतं, त्यात माणूस जातं. म्हणून नीट आठवून सांगा. धडधाकट अशा त्या शेवटच्या कधी दिसल्या होत्या?"

"आठवायचं कशाला?" दिग्विजयने फोन काढला. "रेकॉर्ड आहे. हे बघा, एक पन्नासला त्या काम करत होत्या. प्रतवारी, सत्त्याण्णव टक्के. म्हणजे पावणेदोन तास झालेत फार तर."

डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला. सकाळपासूनची हिरवी रेघ, सेकंदासकट वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं. "इथे लोक सांगतात, उन्हं वर आली होती तेव्हा. इतकं नेमकं कोणी आणत नाही हो. सिस्टर, इंजेक्शन तयार करा."

दारापाशी प्रगती उभी होती. सकाळपासून पाजलं नव्हतं, अ‍ॅप्रन छातीवर ओला झाला होता. ती माधवीकडे बघत होती. मानसुद्धा हलवत नव्हती. तिथे डबी असती तर ती तिला दिसलीही नसती.

माधवीसमोर दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही साध्या होत्या. बोललं तर प्रगती आणि भागूबाई कामावरून घरी जाणार. नाही बोललं तर हिरव्या रेघेच्या भरवशावर काकीच्या शिरेत सुई जाणार. यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. तरी माधवीची जीभ उचलेना, कारण तिसरीही एक गोष्ट होती. खरं बोललं, तर पावणेअकराला मला कळलं होतं, हेही बोलावं लागणार होतं. तिन्हींतली ही तिसरी तिला सगळ्यात जड गेली, आणि ती जड गेली याचीच नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सिस्टर ट्रे घेऊन आली.

"तो पंखा होता," माधवी म्हणाली.

"काय?"

"सात नंबरला काकी नव्हत्या. पंखा होता. पंख्याला बाही बांधली होती. काकी सव्वादहाला आडव्या झाल्या, डोकं जड झालंय म्हणून. त्यानंतर त्यांना कोणी पाहिलं नाही."

दिग्विजय हसला, खरंच हसला. "ताई, शॉकमध्ये आहात तुम्ही. पंखा कसा असेल? सत्त्याण्णव टक्के आहेत सलग."

"माणसाला सत्त्याण्णव येत न्हाईत, साहेब," माधवी म्हणाली. बी.ए. झाल्यापासून ती साहेबांशी अशी बोलली नव्हती. "माणूस मधीच नाक खाजवतंय."

डॉक्टरबाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माधवीकडे. "सव्वादहा नक्की?"

"नक्की. पावणेअकराला मला स्क्रीनवर कळलं होतं."

सव्वापाच तास झाले होते. ट्रे परत गेला. डॉक्टरबाईंनी फोन दिग्विजयच्या हातात दिला आणि माधवीला म्हणाल्या, "पावणेअकराला आणलं असतं, तर..." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. डॉक्टरांना वाक्यं कुठे सोडायची, ते शिकवत असावेत.

काकी वाचली. तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाकी सगळं शाबूत राहिलं. समोरच्याचं बोललेलं तिला कळायचं, हे तिच्या डोळ्यांवरून कळायचं. अकरा दिवसांनी तिला बावड्याला आणलं आणि माधवीच्या घराच्या पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं. भागूबाई आणि प्रगती कामावरून गेल्या. माधवीची खुर्चीही गेली. तिच्या जागी आलेली मुलगी एम.ए. होती.

दिग्विजयने राग मुळीच धरला नाही. उलट त्याचा उत्साह वाढला होता. त्याने सवतीला गाडीत मागच्या सीटवर बसवून बारामतीला नेलं, दोन दिवस तिच्यावर डब्या रोखल्या आणि यंत्राला 'पंखा' ओळखायला शिकवलं. थप्पीमागे तेरावी डबी बसली. पुरस्कारही मिळाला. मानपत्रात सात नंबरच्या अठ्ठावन्न वर्षांच्या कर्तबगार महिलेचा खास उल्लेख होता. समितीने तो त्याच दुपारी लिहून टाकला होता आणि पुढे कोणी खोडला नाही.

मग एक दिवस दिग्विजय स्वतः बावड्याला आला. बरोबर डबी.

"कंपनीकडून," तो म्हणाला. "मावशींसाठी फुकट. खाटेवरून पडल्या तर दहा सेकंदांत घंटा." त्याने डबी खाटेसमोरच्या भिंतीवर लावली, माधवीच्या फोनवर एक चौकोन टाकून दिला. चौकोन राखाडी होता. 'रिकामे.'

"साहेब, काकी तर खाटेवर हायत."

"हो, पण त्या हलत नाहीत ना. जे हलत नाही ते डबी वजा करते. नाहीतर कपाटं, भिंती सगळी माणसं दिसतील."

"श्वास चाललाय की."

"श्वास ओळखणारी डबी महाग येते," दिग्विजय मनापासून म्हणाला. "पुढच्या टप्प्यात बघू."

ज्या माणसाला कूसही बदलता येत नाही, ते खाटेवरून पडणार कसं, हे माधवीने विचारलं नाही. त्याने एवढ्या लांबून येऊन खिळा ठोकला होता.

दिवस ठरून गेले. माधवी दिवसातून चार वेळा खोलीत यायची. काकीला कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, उचलून टेकवून बसवायची, भरवायची, पुन्हा निजवायची. बाकी वेळ दुसऱ्यांच्या बागेत खुरपायला जायची. प्रगती कधी बाळाला घेऊन यायची आणि काकीच्या डाव्या हाताशी ठेवायची. भिंतीवरची डबी सगळं मोजत होती. कोणाचा हात, ते तिला माहीत नव्हतं.

महिन्याभराने पत्र आलं. छापील होतं, खाली सही नव्हती, नुसता शिक्का. माधवी खाटेच्या कडेवर बसली आणि काकीला ते मोठ्याने वाचून दाखवू लागली. काकीची पत्रं आजवर तिनेच वाचली होती.

"'श्रीमती सिंधुबाई यांस. आपल्या खोलीत बसवलेल्या यंत्रणेच्या मागील तीस दिवसांच्या नोंदींवरून असे दिसून येते, की आपण दररोज चार वेळा खोलीत चालता, वाकता व अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस किलो वजन उचलता. उर्वरित वेळ आपण घराबाहेर असता. आपल्या प्रकृतीतील या सुधारणेबद्दल कंपनी आपले अभिनंदन करीत आहे. सबब येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता टेबल क्रमांक सात येथे हजर व्हावे. हजर न झाल्यास आपणांस काम करण्याची इच्छा नाही असे समजून आपले नाव कमी करण्यात येईल.'"

माधवी थांबली. काकी तिच्याकडे बघत होती. मग तिच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हलला. गाल वर गेला, डोळा बारीक झाला, पोटातून एक हिसका आला, मग दुसरा. आवाज नव्हता. उजवा अर्धा भाग तसाच ओघळलेला, आणि डावा हसत होता. डावा खांदा हलायला लागला, डावा पाय गोधडीखाली उडायला लागला, जुनी खाट करकरायला लागली. महिनाभरात काकी पहिल्यांदाच एवढी हलली होती. हसता हसता डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं, तो हसत नसूनही.

मांडीवर फोन उजळला. चौकोन पिवळा झाला होता.

'चालणे. एकसष्ट टक्के.'

माधवीने पत्राची घडी करून उशीखाली ठेवली. कूस बदलायची वेळ झाली होती. हेसुद्धा काकीच्या नावावर लागणार आणि सोमवारच्या आत बारामतीला पोचणार, हे तिला माहीत होतं. तिने काकीच्या पाठीखाली दोन्ही हात घातले आणि उचललं.